जपानी बैलाची खांदेमळणी

तुम्हाला म्हणून सांगतो, मी काहीही विकू शकतो! लातूरच्या नळाला पाणी यायचं बंद झालं तेव्हा लोक म्हणाले, रेवणसिद्धा, आता तुझ्या बादल्या कोण घेणार? मी त्याच आठवड्यात बादल्यांची अख्खी चळत विकून दाखवली. पाण्यासाठी नव्हे हो, टँकरच्या रांगेत नंबर लावून ठेवायला! रिकामी बादली माणसापेक्षा बरी. तिला ऊन लागत नाही आणि ती शेजारणीशी भांडत नाही.

गंजगोलाईत आपलं कटलरीचं दुकान. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, कंपासपेट्या, खेळणी. पूर्वी पाटीवर ‘तालुका कटलरी’ असं होतं. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला, त्याच आठवड्यात मी पेंटरला बोलावून ‘तालुका’ खोडला आणि ‘जिल्हा’ लिहून घेतलं. सगळ्या गोलाईत पहिली पाटी माझी! माझं बघून मग जिल्हा केशकर्तनालय झालं, जिल्हा सोडावॉटर झालं, जिल्हा पंक्चर झालं. वाटणीत तिकडून कपाटं आली, खुर्च्या आल्या, टाइपरायटर आले. पाऊस तेवढा तिकडंच ठेवून घेतला, असं आम्ही म्हणायचो. आणि तिकडचा माणूस भेटला की तो म्हणायचा, पाऊस तर तुम्हीच नेला! जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि आमच्याकडे साहेब भरपूर होते, पाणी नव्हतं.

त्या साली मी हैदराबादेला बेगम बाजारात गेलो होतो माल आणायला. तिथल्या शेटनं मला कोपऱ्यातलं एक पोतं दाखवलं.

“असली जापानी माल है रेवणभाई! आँख बंद करके ले जाव!”

मी डोळे बंद करूनच नेलं. चूक तिथंच झाली.

आता या मालाचं नीट सांगतो. जपानात म्हणे एक खेळणं फार चालतं. मोटारीचा माणूस होतो, विमानाचा माणूस होतो, सिंहाचा माणूस होतो. माणूस म्हणजे रोबो. मूळचं खेळणं जाडजूड, धातूचं, दिवे लागणारं. ते आपल्या कलेक्टरच्या पोरालाही परवडायचं नाही. म्हणून त्याच नावावर कुणीतरी गरिबांसाठी एक धाकटी जात काढली होती. खोक्यावर चित्र तेच, रुपेरी बैल, शिंगांतून वीज, नाकातून जाळ! आणि खोकं उघडलं की आत वीतभर, गुळाच्या ढेपेच्या रंगाचं प्लास्टिक. दिवे नाहीत, चाकं नाहीत, डोळे कागदाचे चिकटवलेले. सगळा जपानी चमत्कार एका स्प्रिंगमध्ये. बैलाच्या वशिंडाच्या पुढ्यात एक कळ होती. ती दाबली की खट्! पुढचे पाय हात व्हायचे, पोट उघडायचं, बैलाचं तोंड छातीत जायचं, वरून माणसाचं डोकं निघायचं आणि बैल दोन पायांवर उभा! हातात बंदूक.

आणि पोतंभर नुसते बैलच. मोटारी, विमानं, सिंह दुसऱ्या कुणीतरी आधीच उचलले असणार.

एक खपेल तर शपथ! पोरं यायची, दाबायची, खट् करायची आणि बादली उचलून रांगेत पळायची. बायको मल्लम्मा रोज त्या पोत्याला ठेचकाळायची.

“अहो, हे तुमचं जपान एकदाचं माळ्यावर टाका. दुष्काळात तेरावा महिना नुसता!”

मग श्रावण संपत आला आणि सटवाजी कुंभार दुकानावर आला, बायकोसाठी बांगड्या घ्यायला. पोळ्याच्या तोंडावर सटवाजीला मान वर करायला फुरसत नसायची, दर वर्षी घरोघरी पुजायचे मातीचे बैल त्याच्याकडूनच जायचे. मी विचारलं, “आज रिकामा कसा रे?”

“औंदा बैल न्हाईत, मालक.”

“का?”

“माती भिजवाया पानी लागतंय की. प्यायाला एक घागर भेटून राहिली, तिच्यात बैल करू का लेकरं जगवू? तळ्यात भेगा पडल्यात, हात जातोय आत.”

तो बिचारा गेला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं! पण व्यापाऱ्याचं वाईट वाटणं फार वेळ टिकत नाही. माझी नजर पोत्याकडे गेली. पोळा आला, मातीचे बैल नाहीत आणि माझ्याकडे पोतंभर बैल! देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, मला तर त्यानं पोतं फाडून दिलं होतं.

अडचण एकच, ती कळ. पूजेत बसलेला बैल मध्येच बंदूक काढून उभा राहिला तर काय? पण मी काय कच्चा गडी आहे? दुकानात शाळेच्या पोरांना विकायच्या डिंकाच्या बाटल्या होत्या. मी एकेका बैलाच्या कळेवर डिंकाचा जाड थेंब सोडला, उन्हात वाळवला, वर गेरूचा ठिपका दिला. कळ गच्च! दाबून बघितली, हलेना. शिंगांना बेगड लावली, गळ्यात घुंगरू बांधलं. रोबोचा नंदी झाला.

मल्लम्मा म्हणाली, “डिंक पाण्यानं सुटतो.”

“अगं, पाणी आहे कुठं लातुरात? माणसाला अंघोळ मिळेना, प्लास्टिकला कोण घालणार?”

यावर ती काही बोलली नाही. बायका गप्प बसल्या की माणसानं सावध व्हावं, हे मला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

माल काय खपला म्हणता! खेड्यापाड्यांतून माणसं यायची. कुणाचे बैल बाजारात गेलेले, कुणाचे सरकारी चारा-छावणीत. झूल घ्यायची नाही, गोंडे घ्यायचे नाहीत, पण पुजायला काहीतरी बैल हवा. आमच्या गल्लीतल्या केवळाबाई तर चष्मा कपाळावर चढवून बघत बसल्या.

“रेवण्णा, ह्यो कशाचा हाय रं?”

“इंपोर्टेड आहे, मावशी. पडला तरी फुटत नाही.”

“तोंड जरासं रागीट हाय.”

“दुष्काळातला बैल आहे, हसेल कशाला?”

त्यांना ते पटलं.

आणि पोळ्याच्या दोन दिवस आधी, भर गर्दीत, दुकानाच्या पायरीशी अप्पा उभे!

अप्पा म्हणजे माझे वडील, शिवप्पा. औशाच्या पुढं आमचं गाव आहे. मी नांगर सोडून लातुरात दुकान टाकलं त्या दिवसापासून अप्पांनी या दुकानात पाय ठेवला नव्हता. बाजाराला यायचे, गोलाईला वळसा घालायचे, पण माझ्या पाटीकडे बघायचे नाहीत. बांगड्या विकणारा पोरगा! चार माणसांत माझं नाव निघालं तर ते म्हणायचे, “असतो लातुराकडं.” जसा काही मी जेलमध्ये होतो.

मी गल्ल्यावरून उडीच मारली. “या, या अप्पा! मल्लम्मा, चहा ठेव!”

“च्या नगं. बैल इकतूस म्हनं तू.”

मला हसावं का रडावं कळेना.

अप्पांनी मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आमच्या गावात पोळ्याला वेशीला तोरण बांधतात. त्या तोरणाखालून पहिली जोडी जायची ती आमच्या घरची. हा मान निजामाच्या आधीपासूनचा. अप्पांना दोन गोष्टींचा अभिमान होता, एक हा मान आणि दुसरी त्यांची जोडी, हौशा आणि मण्या. जोडी उन्हाळ्यापासून छावणीत होती. छावणीचा नियम असा की जनावर एकदा बाहेर काढलं की नाव कटलं, पुन्हा आत घेणार नाहीत. म्हणजे सणासाठी आणायचे आणि सणानंतर उपाशी मारायचे! गावात दुसऱ्या कुणाचंही एक शिंग उरलं नव्हतं.

“मंग त्यो नरसिंग उठला,” अप्पा म्हणाले. “म्हनला, बैल न्हाईत तर माझा ट्रॅक्टर न्हेऊ तोरनाखालून. एकडाव ट्रॅक्टर फुडं गेला की मान त्याच्या दारात जातोय, रेवणा. माघारी यायचा न्हाई.”

“आणि लिंबाजीबाबा काय म्हणतात?” लिंबाजीबाबा म्हणजे आमच्या गावातलं सगळ्यात जुनं माणूस. त्यांचा शब्द पडला की विषय संपला.

“म्हनले, बैलाचं रूप असलं तरी चालंल. मातीचा असू दे, लाकडाचा असू दे. पर बैल पायजे. बैल न्हाई तर ट्रॅक्टर.” अप्पांनी फडताळातला एक नंदी उचलला, उलटापालटा करून बघितला. “ह्ये बैलच हाईत ना?”

मी सांगायला हवं होतं. कळ दाखवायला हवी होती. पण बारा वर्षांनी माझा बाप माझ्या दुकानात आला होता आणि त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं! “अप्पा, एकदम बैल!” मी म्हणालो आणि त्यातल्या त्यात चांगली जोडी निवडून, जास्तीची बेगड लावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पिशवीत नाही, धोतराच्या ओच्यात घेतली. जाताना त्यांनी पहिल्यांदा माझ्या पाटीकडे बघितलं. मला इतका आनंद झाला, की पुढच्या गिऱ्हाइकाला मी भाव न करता टिकल्या दिल्या.

आता आली पोळ्याची आदली संध्याकाळ, म्हणजे खांदेमळणी. ज्यांनी शेत बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलून निघालेला असतो. त्या संध्याकाळी तो गरम पाण्यानं शेकायचा, मग हळद आणि तूप लावून चांगला चोळायचा आणि बैलाच्या कानात सांगायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ बैलाचा खांदा म्हणजे कुठला भाग? वशिंडाच्या पुढ्यातला. माझी कळ कुठं होती? तिथंच!

हे माझ्या ध्यानात केव्हा आलं म्हणता? केवळाबाईंची किंकाळी ऐकली तेव्हा!

“आगं माय गं! उठला! त्यो उठला!”

गल्लीतून आणखी एक किंकाळी. मग पलीकडच्या बोळातून. मग चौकातून. मी दुकानाबाहेर आलो तर केवळाबाई पदर सावरत, नंदी हातभर लांब धरून धावत येत होत्या. नंदी दोन पायांवर, बंदूक माझ्याकडे रोखलेली.

“रेवण्णा! म्या म्हनलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या! तर ह्यो आजच उठला की रं!”

“मावशी, पाणी घातलंत?”

“मंग? खांदा कोरडा चोळतेत का?”

“पण तुमच्या घरात प्यायला पाणी नाही ना!”

केवळाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच बंदूक घेऊन उभा होतो. “मानसाला नसंल. बैलाच्या खांद्याला तांब्याभर पानी न्हाई, असं कुठं असतंय का?”

खरं सांगतो, मला लातूरच्या नळाचा अंदाज होता, टँकरचा होता. या माणसांचा मला अंदाजच आला नव्हता. तोंड धुवायला पाणी नसलेल्या घरांनी तांब्या तांब्या पाणी तापवून माझ्या प्लास्टिकचे खांदे शेकले होते. डिंक सुटला होता, तुपानं कळ मऊ झाली होती आणि अंगठा पडला की खट्! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही हत्यारबंद!

अर्ध्या तासात गल्ली भरली. एक म्हणाला, हा कोप आहे. दुसरा म्हणाला, वीरभद्र प्रगटला, नारळ आणा. तिसऱ्यानं माझी गचांडी धरली. जो तो आपला नंदी आणून दुकानाच्या ओट्यावर आपटून जात होता. शेवटी ओट्यावर बंदुका रोखलेली एक पलटण उभी राहिली आणि तिच्यासमोर मी हात जोडून.

“अप्पा!” मी एकदम ओरडलो.

मल्लम्माच्या तोंडचं पाणी पळालं. नळाचं तर आधीच पळालं होतं. “अहो, त्यांनीही खांदे मळले असतील की!”

“आणि उद्या वेशीत...”

“पहिल्या गाडीनं जा. इथलं मी बघते,” ती म्हणाली. आणि ओट्यावरच्या पलटणीकडे बघून पुटपुटली, “डिंक पाण्यानं सुटतो म्हणलं होतं मी.”

पहिल्या बसनं गावात पोचलो. अप्पा ओसरीवर बसले होते, पुढ्यात ताट आणि ताटात जोडी. चार पायांवर! बेगड चमकत होती. माझ्या जिवात जीव आला.

“अप्पा, काल खांदे मळले नाहीत?”

“मळले की. छावनीत गेलतो चालत. हौशाचे मळले, मण्याचे मळले. तितल्या गड्यानं आत सोडलं मला, लई भला मानूस.” त्यांनी ताटातल्या बैलाची बेगड सारखी केली. “वळखलं मला दोगांनी. बरगड्या मोजून घ्याव्या, अशी झालीत जनावरं.”

“आणि हे?”

“ह्यांचं काय मळायचं? ह्यांनी कुठं नांगर वढलाय?”

मला हुश्श झालं. आता सांगून टाकावं असं ओठावर आलं होतं. पण अप्पांनी नवा पटका काढला होता, माझ्यासाठी एक धुतलेली टोपी काढून ठेवली होती. “तू हाईस तर संगं चल,” म्हणाले. असं त्यांनी मला लहानपणी कधी म्हटलं असेल तेवढंच. मी मनाशी म्हटलं, घरापासून वेशीपर्यंत जायचं, तोरणाखालून निघायचं, परत यायचं. कोण हात लावतंय? तरी सावधगिरी म्हणून मी तांबड्या नाड्याचे चांगले घट्ट वेढे दोघांच्या वशिंडांवरून घातले. अप्पांना वाटलं, पोरानं हौसेनं सजवले.

तिसऱ्या प्रहरी वेशीत सगळं गाव जमलं होतं. आंब्याला पानं नव्हती, म्हणून तोरण कडुलिंबाचं. एका बाजूला नरसिंगचा तांबडा ट्रॅक्टर धडधडत उभा. नरसिंग वर बसलेला, डोक्याला फेटा, गळ्यात हार आणि ट्रॅक्टरच्या नाकावर कुंकू. निर्णय व्हायच्या आधीच त्यानं इंजिन चालू करून ठेवलं होतं, दुपारपासून! गावाला आवाज ऐकवायला.

“आनला का बैल, काका?” तो वरूनच ओरडला.

अप्पांनी ताटावरचं फडकं काढलं. लिंबाजीबाबांनी काठी टेकत येऊन बघितलं. “चार पाय हाईत, शिंगं हाईत, वशिंड हाय. बैल हाय ह्यो. मान शिवप्पाचा!”

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली, पण त्यांचा पटका जरासा उंच झाल्यासारखा वाटला. नरसिंगचं तोंड उतरलं. जिंकलो होतो हो आम्ही! चार पावलांवर तोरण होतं!

आणि चतुराबाई पुढं झाल्या. पोळ्याच्या पूजेचं ताट दर वर्षी त्यांच्याच हातात असायचं. बाई सत्तरीची, पण जीभ विशीची.

“थांब रं शिवप्पा. ह्यांचे खांदे मळले का?”

“न्हाई. हे...”

“मळल्याबिगर बैल वेशीत आनतेत का? कोंचा रिवाज काढला?” त्यांनी ओंजळभर गरम पाण्याचा तांब्या पुढं केला.

“नको, नको!” मी आडवा झालो. “चतुराआजी, हात नका लावू!”

“काहून? बाटतोय का तुझा बैल?”

“तसं नाही, नाजूक आहे जरा...”

“बैल अन् नाजूक!” त्यांनी नाड्याला हात घातला. “आन् ह्यो दोरा कुनी आवळला रं खांद्याला? रुतंल की त्याला!”

नाडा सुटला. आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. चतुराबाईंनी दोघांच्या खांद्यांवर पाणी सोडलं, एका बोटानं हळूच हळद-तूप लावलं आणि मागून एक म्हातारा आला, म्हणाला, मलाबी लावू द्या, माझी जोडी चैतातच गेली. त्याच्या मागं दुसरा. मग तिसरा. सबंध गाव रांगेत उभं राहिलं! गावात दुसरा बैलच नव्हता ना. वीतभर प्लास्टिकचा खांदा, आणि त्यावर एकेक राठ अंगठा येऊन दमानं फिरत होता. कुणी डोळे मिटून मळत होता. एकानं तर आपल्या मेलेल्या बैलाचं नाव घेतलं. मी मात्र घाम पुसत प्रत्येक अंगठ्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हळू, बाबा, हळू!

डिंक बराच टिकला. मुदखेडहून सोयऱ्याकडे आलेला एक पैलवान होता, त्याच्या अंगठ्यापर्यंत टिकला.

खट्!

बैल उभा. तोंड छातीत, हातात बंदूक. पैलवान दचकला, त्याचा हात शेजारच्या बैलावर आदळला आणि त्याचीही कळ दबली. खट्! जोडीदारही उभा!

ट्रॅक्टर सोडून सगळं गाव गप्प झालं.

लिंबाजीबाबांनी वाकून बघितलं. “कोन हाय ह्यो?”

“रोबो आहे, बाबा.”

“कुन्या गावचा?”

“जपानचा.”

“तकडं पाऊस हाय का?”

“असेल.”

“मंग हतं कशाला आला?”

मी बैल उचलला, हात मुडपले, डोकं आत ढकललं, पोट मिटवलं. चार पाय झाले! ताटात ठेवला, हात काढला. खट्! पुन्हा उभा. तुपानं कळ धरतच नव्हती. मी बसवायचो, तो उठायचा. मी बसवायचो, तो उठायचा. पोरं टाळ्या पिटायला लागली. नरसिंग वरून हसत सुटला. “काका, तुमचा बैल सलाम ठोकून राहिला मला!”

“बास,” लिंबाजीबाबा म्हणाले. “चार पायांवर ठरंना, त्यो बैल न्हाई. शब्द म्हंजी शब्द. ट्रॅक्टर जाऊ द्या फुडं.”

अप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, चार माणसांत कानाखाली वाजवली असती तरी चाललं असतं. त्यांनी फक्त ताट माझ्या हातात दिलं आणि बाजूला झाले. पटका काढून हातात घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान माझ्या एका डिंकाच्या थेंबात वाहून गेला होता!

नरसिंगनं हार सारखा केला, गिअर टाकला आणि ट्रॅक्टरच्या नाकातून पांढऱ्या वाफेचा लोट निघाला. फुस्स! दुपारपासून जागेवर धडधडून इंजिन उकळलं होतं. एक आचका आणि बंद!

“पानी आना रं!” नरसिंग ओरडला. “एक घागर वता ह्याच्यात, चालू हुतंय!”

कुणी हललं नाही.

“आरं, पानी!”

“ट्रॅक्टरला पानी?” चतुराबाई म्हणाल्या. “माझी म्हस टाचा घासून मेली तवा तुझ्या हिरीवर कुलूप हुतं, नरसिंगा.”

नरसिंगनं खाली बघितलं. सूर्य कलत होता. तोरणाखालून काहीच न जाता पोळा सरला तर गावाचं वर्ष वाईट जातं म्हणतात. यापेक्षा आणखी वाईट काय जायचं राहिलं होतं मला ठाऊक नाही, पण ते विचारायची ती वेळ नव्हती.

लिंबाजीबाबांनी काठी आपटली. “वढा! कासरे आना!”

बैल नव्हते, पण कासरे घरोघरी खुंटीला होतेच. बघता बघता ट्रॅक्टरच्या पुढं दोर लागले. गडी मागून धरायला धावले, पुढचं टोक तसंच लोंबत राहिलं. पुढं कुणी व्हायचं?

“बघता काय?” लिंबाजीबाबा म्हणाले. “म्या ट्रॅक्टरला मान दिलता, ढकलत न्यायच्या डब्याला न्हाई. वढनाऱ्यात पैली जोडी शिवप्पाच्या घरची!”

अप्पांनी पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला, पुढं गेले आणि उजव्या खांद्यावर दोर घेतला. डावी बाजू मोकळी होती. त्यांनी मला हाक मारली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. नुसते थांबून राहिले. सगळं गाव त्यांच्यासोबत थांबलं. मी जपान ताटासकट खाली ठेवलं आणि जाऊन डावीकडे उभा राहिलो.

काय जड असतो हो ट्रॅक्टर! पहिल्या हिसक्याला माझा खांदा निखळतो की काय असं झालं. डोळ्यांपुढं काजवे चमकले, धुतलेली टोपी पडली. शेजारी अप्पा मान खाली घालून, एका चालीनं ओढत होते. त्या वयात! वर नरसिंग स्टिअरिंग धरून बसला होता, मढ्यासारखा. आणि सगळ्यांच्या पुढं, कडुलिंबाच्या तोरणाखालून, पहिली जोडी आमच्या घरची गेली.

पलीकडे चतुराबाई ताट घेऊन उभ्या होत्या. पहिल्या जोडीला कुंकू लावून घास भरवायचा रिवाज. पुरणपोळी कुठली, ज्वारीची भाकर आणि गुळाचा खडा. त्यांनी अप्पांच्या कपाळाला कुंकू लावलं, घास भरवला. मग माझ्यासमोर आल्या. मी भात्यासारखा धापत होतो. त्यांनी मला खालून वर नीट न्याहाळलं, बाजारात न्याहाळतात तसं.

“शिवप्पा, ह्यो डाव्या अंगाचा नवा दिसतोय रं. कामाचा हाय का?”

“न्हाई,” अप्पा घास चावत म्हणाले. “पर औंदा बाजारात दुसरा भेटतोय कुठं?”

सगळं गाव हसलं. काहीतरी खणखणीत उत्तर द्यावं म्हणून मीही तोंड उघडलं, तर चतुराबाईंनी भाकरीचा तुकडा आत कोंबला. खाल्ला मी मुकाट्यानं. सकाळपासून पोटात काही नव्हतं हो!